चंद्राचा उदयास्त आणि रात्रीचीं कामें

रात्रीच्या कामाची आंखणी करितांना शेतकऱ्यास चांदण्याचा विचार करावाच लागतो. ज्या भागांत पंपास वीज रात्रीं मिळते तेथें पाणी पाजण्यास रात्रींच बाहेर पडावें लागतें. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे माळ्यावर बसून जागल करावी लागते. उसाची गाडी पहाटेच जुंपावी लागते. अशा वेळीं 'शुद्ध पक्ष आहे, चांदणें असेलच' एवढ्या ढोबळ समजुतीवर जो निघतो, तो मध्यरात्रीनंतर काळोखांत सांपडतो, आणि साप-विंचवाची भीति असते ती नेमकी त्याच वेळीं. म्हणून चांदणें आहे कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. अंधार कोणत्या प्रहरीं आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें. तें तिथीवरून तोंडीं काढतां येतें. ती रीत व तिचें कारण येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चंद्रास स्वतःचा प्रकाश नाहीं. सूर्याचा प्रकाश त्याच्या अर्ध्या भागावर पडत असतो. त्या उजळ भागापैकीं आपणांस किती दिसतो, एवढाच फरक रोज पडतो. पृथ्वीच्या सावलीमुळें चंद्र लहान होतो अशी कित्येकांची समजूत आहे. परंतु ती सावली चंद्रग्रहणांतच पडते, आणि चंद्रग्रहण पौर्णिमेसच होऊं शकतें. चंद्र पृथ्वीभोंवतीं पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारें सव्वासत्तावीस दिवसांत फिरतो, म्हणजे रोज सुमारें १३ अंश सरकतो. सूर्यही त्याच दिशेनें रोज सुमारें १ अंश सरकलेला दिसतो. म्हणून चंद्र सूर्यापासून रोज सरासरी १२ अंश पुढें जातो. या १२ अंशांच्या अंतरासच एक तिथि म्हणतात. असे पुढें जात सूर्यास पुन्हां गांठण्यास चंद्रास सुमारें साडेएकोणतीस दिवस लागतात. हाच आपला चांद्रमास.

आतां आकाशाच्या ३६० अंशांचा एक फेरा ६० घटिकांत होतो. त्या हिशेबानें १२ अंशांस २ घटिका, म्हणजे ४८ मिनिटें, लागतात. चंद्र रोज सुमारें तितकाच उशिरां उगवतो व तितकाच उशिरां मावळतो. यावरून पुढील रीत निघते.

शुद्ध पक्षांत तिथीची दुप्पट करावी. सूर्यास्तानंतर तितक्या घटिका चांदणें राहून मग चंद्र मावळतो. वद्य पक्षांतही तिथीची दुप्पट करावी. सूर्यास्तानंतर तितक्या घटिका अंधार राहून मग चंद्र उगवतो.

सूर्यास्त सहा वाजतां धरिला, तर शुद्ध पंचमीचा चंद्र दहा घटिकांनीं, म्हणजे रात्रीं दहाच्या सुमारास मावळेल. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्तासमयीं डोक्यावर असतो व साडेबाराच्या आंत-बाहेर मावळतो. एकादशीचा पावणेतीनपर्यंत पुरतो. पौर्णिमेस चंद्र संध्याकाळीं उगवून सकाळीं मावळतो. वद्य चतुर्थीस तो सव्वानऊच्या सुमारास उगवतो; संकष्टीचा उपास सोडण्याची ही वेळ घरोघरीं परिचयाची आहे. वद्य अष्टमीस चंद्रोदय मध्यरात्रीं होतो, म्हणून गोकुळाष्टमीच्या जन्मसमयीं चंद्र पूर्वेस दिसतो. वद्य एकादशीस तो पावणेतीनास उगवतो. अमावास्येस तो सूर्याबरोबरच उगवतो व मावळतो, म्हणून दिसत नाहीं.

तात्पर्य, शुद्ध पक्षांत अंधार उत्तररात्रीं असतो व वद्य पक्षांत पूर्वरात्रीं. जागलीस दोनच माणसें असलीं तर शुद्ध पक्षांत अधिक सावध माणूस उत्तररात्रीस ठेवावा, वद्य पक्षांत पूर्वरात्रीस. पाणी पाजण्याची पाळी निवडणें आपल्या हातीं असेल तर तीही याच हिशेबानें धरावी. नसेल तर अंधाराच्या घटिकांत बॅटरी व पायांत बूट असल्यावांचून बांधावर पाऊल टाकूं नये.

ही रीत वापरतांना तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, तिथि सारख्या लांबीच्या नसतात. चंद्राची गति कमीजास्त होत असल्यामुळें एक तिथि सुमारें १९ तासांपासून २६ तासांपर्यंत असूं शकते. क्षयतिथि व वृद्धितिथि यामुळेंच येतात. म्हणून हिशेबांत अर्ध्या तासाची चूक, क्वचित् त्याहून अधिकही, गृहीत धरावी. दुसरी, ऋतूप्रमाणें फरक पडतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास आपल्याकडे चंद्रोदय रोज चाळीसएक मिनिटांनींच लांबतो. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास तो पन्नास मिनिटांहून अधिक लांबतो. म्हणून कोजागिरीनंतरचे तीन-चार दिवस चांदणें लवकर हातीं लागतें. तिसरी, दिनदर्शिकेंत छापलेला चंद्रोदय कोणत्या गांवचा आहे तें पाहावें. नागपूर मुंबईच्या पूर्वेस असल्यामुळें तेथें चंद्र मुंबईपेक्षां सुमारें २५ मिनिटें आधीं उगवतो. तसेंच मध्यरात्रीनंतरचा चंद्रोदय घड्याळाच्या हिशेबानें पुढच्या तारखेंत जातो, तिकडेही लक्ष असावें.

चांदण्याच्या बळाविषयींही एक गैरसमज आहे. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, म्हणून त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असेल असें वाटतें. वास्तविक तो सुमारें एकदशांशच असतो. कारण त्या वेळीं सूर्याचे किरण बाजूनें येऊन चंद्रावरील डोंगर व खळगे यांच्या सावल्या लांब पडतात. म्हणून ज्या कामास खरा उजेड पाहिजे तें शुद्ध द्वादशीपासून वद्य तृतीयेपर्यंतच योजावें. त्यांतही मार्गशीर्ष-पौषांतील पूर्णचंद्र जवळजवळ माथ्यावरून जातो व अधिक वेळ क्षितिजावर राहतो. ज्येष्ठांतील पूर्णचंद्र दक्षिणेकडे कलून जातो व लवकर मावळतो. रब्बीच्या राखणीस चंद्राची ही मदत आयतीच मिळते.

पंचांग हातीं नसलें तरी चंद्राकडे पाहून पक्ष ओळखतां येतो. उजळ बाजू पश्चिमेकडे असेल तर शुद्ध पक्ष, पूर्वेकडे असेल तर वद्य. वाचकांनीं एक महिनाभर रोजची तिथि आणि चंद्राच्या उदयाची किंवा अस्ताची वेळ वहींत टिपून आमच्या रीतीशीं ताडून पाहावी. महिन्याच्या अखेरीस ही रीत त्यांच्या अंगवळणीं पडेल, आणि अंधार कोणत्या घटकेस येणार हें रात्रीं घराबाहेर पडण्यापूर्वींच त्यांस कळेल, अशी आमची खात्री आहे.