आखाजीच्या गाण्याला दाखल क्रमांक

ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या माणसाला बोलायची सवय कमीच. ‘शांतता राखा’ ही पाटी डोक्यावर टांगलेली असते आणि वर्षानुवर्षांत ती अंगातच मुरते. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाचनालयात देवघेवीला बसते. वर्गणीदार येतात, कादंबरी टेबलावर ठेवतात, दुसरी घेऊन जातात. पहिली आवडली की नाही, ते क्वचितच कळतं. त्यामुळे वाचकांचा व्हॉट्सॲप गट काढायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा गटावर बोलायचं तरी काय, हाच प्रश्न पडला.

अमेरिकेत शार्लट इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने हीच अडचण २००६ साली फार गमतीने सोडवली होती. हेलेन ब्लोअर्स या बाईंनी कर्मचाऱ्यांना ‘तेवीस गोष्टी’ करून पाहायला सांगितल्या. एखादा ब्लॉग लिहा, फोटो चढवा, आवडत्या पुस्तकांना स्वतःच्या मनाने खुणेचे शब्द लावा, असा तो घरचा अभ्यास. जो पुरा करील त्याला गाणी ऐकायचं छोटं यंत्र बक्षीस! पुढे देशोदेशींच्या ग्रंथालयांनी ही यादी उचलली. आज ती वाचताना मात्र वेगळंच वाटतं. तिच्यातली काही साधनं केव्हाच बंद पडली. आपल्याकडची मुलं त्या काळात ज्या ऑर्कुटवर रमली होती, तेही ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटलं. आमच्या जुन्या दाखल नोंदवहीची पानं पिवळी झालीत खरी, पण उघडली की वाचता येतात.

तर गट सुरू झाला. पहिले काही दिवस सुप्रभात आणि फुलं यांतच गेले. मी नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं टाकत होते, लोक अंगठा दाखवत होते. मग एका वाचकाने विचारलं, ‘ताई, हाई पुस्तक शे का?’ माझं माहेर धुळ्याचं. ‘शे’ वाचलं आणि हसूच आलं. वाचनालयाच्या उंबऱ्याआत हीच मंडळी पुस्तकी मराठी बोलतात. गटावर मात्र अहिराणी लिहिली जाऊ लागली, तिला लेवा बोलीतून उत्तरं येऊ लागली. पुस्तक कोणाकडे आहे, असंही कोणी विचारी. ‘अमुक तारखेला परत येईल’ एवढंच मी सांगे. कोण काय वाचतं, हे देवघेवीच्या टेबलावरून बाहेर जात नाही. ते गटावर कसं जाईल?

आखाजीच्या आधी मी सहज लिहिलं, की घरात कोणाला झोक्यावरची गाणी येत असतील तर आवाज पाठवा. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गातात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. दोन दिवसांत फोन भरून गेला. एका आजींच्या गाण्यात मधेच कुकरची शिट्टी होते आणि त्या सून गॅस बंद करेपर्यंत थांबून पुढची ओळ उचलतात.

आता याला ठेवायचं कुठे? आमच्याकडे मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. पण ही मराठी की अहिराणी, आणि अहिराणी म्हणजे मराठीच का? गटावर वाद पेटला. हा वाद काही आजचा नाही. ग्रियर्सनने १९०७ साली खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली आणि ती सांगणारे साडेअठरा लाखांहून अधिक निघाले. माझं मत विचाराल, तर अशा वेळी त्या तेवीस गोष्टींतले खुणेचे शब्दच बरे. आखाजी, झोका, माहेर, अहिराणी, सगळे एकाच गाण्याला लागू शकतात. पुस्तकाला मात्र कपाटात एकच जागा असते.

शब्द लावले, तरी गाणं टिकायला हवं. व्हॉट्सॲपवरचा निरोप पोचला, की कंपनीकडे तो राहत नाही. तो राहतो तुमच्या-माझ्या फोनमध्ये, आणि फोन विहिरीत पडतात, नातवंडांच्या हाती लागतात, भरले की पुसले जातात. इथे मला आपल्याच मुलखातल्या दोन वह्या आठवतात. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओळी वेळोवेळी टिपून ठेवल्या, म्हणून बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या छापून आल्या. दुसरी वही धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ साली विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत. अठरा रविवारांची ती प्रवचनं साने गुरुजींनी टिपून घेतली. बोलणारे थोर होतेच, पण शेजारी लिहून घेणारा बसला नसता तर? आमच्याकडे फोन आहे, म्हणून वाटतं की लिहून घेणारा आपोआप बसलेलाच आहे. तसं ते नसतं.

म्हणून मी एक वही केली. गाणारीचं नाव, गाव, गाणं कुठे शिकली, तारीख आणि शेवटचा रकाना परवानगीचा. आवाजांच्या प्रती संगणकावर एक आणि बाहेरच्या डिस्कवर एक. काही गाणी विकिमीडिया कॉमन्सवर चढवायची आहेत. तिथे मुक्त परवाना द्यावा लागतो. म्हणजे जगात कोणीही ते गाणं ऐकावं, वापरावं, त्यातून पैसेही कमवावेत, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे बाईमाणसाला नीट समजावून सांगायला अर्धा तास लागतो, आणि तो द्यायलाच हवा. गटात आपला नंबर सगळ्यांना दिसतो म्हणून काही जणी गटातच आल्या नाहीत. त्यांच्यासाठी मी ब्रॉडकास्ट यादी केली. तीत एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. फक्त माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलेला लागतो, नाहीतर निरोप पोचतच नाही. तेवढ्यासाठी दोघींच्या घरी जाऊन तो साठवून दिला.

कुकरवाल्या आजी एका दुपारी सुनेबरोबर वाचनालयात आल्या. मी जगाचं, परवान्याचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी स्वतःची पाच गाणी पहिल्यांदाच हेडफोन लावून ऐकली. चार जाऊ द्या म्हणाल्या. पाचव्याला मान हलवली. त्यात सासूला बोल लावलेत. ‘सासू गेली, पण तिची लेक अजून आहे ना,’ त्या म्हणाल्या. ‘तिने ऐकलं तर?’ सून तोंडाला पदर लावून हसत होती. त्यांच्या समोरच मी पाचवं गाणं फोनमधून, संगणकावरून आणि डिस्कवरून पुसलं आणि वहीत त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.