रेघेकडून अक्षराकडे

प्रौढ शिक्षणाचा विषय निघाला की पाटी, पेन्सिल आणि बाराखडी यांच्यापलीकडे आपली नजर जात नाही. माझीही जात नव्हती. आजीने माझे डोळे उघडले.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. त्यानंतर आमच्या गावी भरलेल्या वर्गात आजी अक्षरे ओळखू लागली, सही करू लागली. पण सहीपुढे तिचा हात कधी गेला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तिला वही दिली आणि चार ओळी लिहायला सांगितल्या. ती म्हणाली, "काय लिव्हू रे बाबा? डोस्क्यात काईच येईना." मी 'क' वीस वेळा गिरवायला दिला. दुसऱ्या दिवशी वही फळीवर पडून होती.

हीच आजी दिवाळीत एकवीस ठिपक्यांची रांगोळी एकही रेघ न चुकता काढते! मग अडते कोठे? हात अडत नाही. कोऱ्या कागदापुढे मन अडते.

मी म्हटले, "आजी, आपलं शेत काढून दाखव." तिने बांध, तूर, लिंब आणि विहीर काढली. विहिरीतला दोर पाण्यापर्यंत पोचत नव्हता. त्याबद्दल विचारताच ती भरभरून बोलू लागली. मग प्रत्येक चित्राखाली तिने नाव लिहिले. अडली तेथे मी अक्षर सांगितले. विहिरीखाली दोन शब्द आले : 'विहीर आटली.'

आधी चित्र, मग त्यावर बोलणे आणि शेवटी लिहिणे, अशा या तीन पायऱ्या आहेत. चित्रामुळे विषय डोळ्यांसमोर राहतो, बोलण्यातून वाक्य तयार होते, हाताला फक्त ते उतरवायचे असते. अक्षर तरी मुळात आकारच! म्हणून तर मराठीत 'ग म भ न' आणि कन्नडमध्ये 'र ग स द अ' असा आकारांच्या साम्यावरून क्रम लावतात.

१९९३ ते १९९५ या काळात युगांडा, बांगलादेश व एल साल्वादोर येथे 'रिफ्लेक्ट' ही पद्धत अजमावली गेली. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांच्या विचारांचा तिला आधार आहे. तीत शिकणारेच काठ्या, खडे, बिया घेऊन जमिनीवर गावाचा नकाशा मांडतात, तो कागदावर उतरवितात आणि त्यातून शब्द शिकतात.

आपल्या सीमाभागाला हे फार सोयीचे आहे. चित्राला भाषा नसते. आजीने ज्या चित्राखाली 'विहीर' लिहिले, त्याच चित्राखाली शेजारच्या अक्कांनी कन्नडमध्ये 'बावि' लिहिले. मात्र दोन पथ्ये पाळावीत. चित्र सुंदर यावे हा हट्ट नको, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मजकूर पुरा झाल्यावरच दाखवाव्यात.

पुढे त्याच दोन शब्दांवरून आजीने ग्रामपंचायतीसाठी पाण्याचा सात ओळींचा अर्ज लिहिला. मी त्याचे कन्नड भाषांतर केले, एवढेच. यापूर्वी अर्ज दुसऱ्याचा असे आणि खाली सही आजीची. या वेळी वरचा मजकूरही तिचाच होता.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एक कोरी वही बरोबर न्या. पण पहिल्या पानावर 'अ' काढून देऊ नका.