रुपया घसरला, फायदा कोणाचा?

रुपया घसरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असे आपण नेहमी ऐकतो. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

१८७० च्या सुमारास एका रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळत. पुढे जगात चांदी स्वस्त झाली आणि चांदीचा रुपयाही घसरत गेला. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणे बंद केले. त्यानंतर दर १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर स्थिरावला. १९२७ मध्ये तो १ शिलिंग ६ पेन्स ठरला. पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैंना झाला.

बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात मुळावरच बोट ठेवले. रुपया घसरला की वस्तू महागतात, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे निर्यातदाराचा नफा देशाबाहेरून नव्हे, मजुराच्या ताटातून येतो.

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. अर्थतज्ज्ञ बाबासाहेबही वाचूया. डॉलरचा भाव बातम्यांत ऐकला की आधी विचारूया : यात कष्टकऱ्याच्या पदरात काय पडले?