नवी पदवी आणि ग्रामपंचायतीचा वाटा

प्राचार्यांचे पत्र घेऊन एखादी विद्यार्थिनी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येते आणि "मला आपल्या गावात साठ तासांचे काम करावयाचे आहे" असे सांगते. तिला कोणते काम द्यावे, हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातील सरपंचांपुढे व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांपुढे यापुढे वारंवार उभा राहणार आहे. तिचे हे साठ तास म्हणजे पदवीचा एक आवश्यक भाग होय. तो कसा पार पडतो हे जितके महाविद्यालयावर, तितकेच गावावर अवलंबून आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये पदवी अभ्यासक्रमाची फेररचना करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने त्यासंबंधीचा आराखडा २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने ठरवून दिला. त्याची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. १९४५ साली स्थापन झालेल्या रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयापासून तालुक्याच्या गावी असलेल्या लहान महाविद्यालयांपर्यंत सर्वांना हा बदल लागू आहे.

पदवीचे मोजमाप

या रचनेत अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. वर्गातील पंधरा तासांच्या अध्यापनास एक श्रेयांक आणि प्रयोगशाळेतील किंवा क्षेत्रावरील तीस तासांच्या कामास एक श्रेयांक, असे हे प्रमाण आहे. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या सन्मान पदवीस किमान १६० श्रेयांक आवश्यक आहेत. चौथ्या वर्षी संशोधनासह सन्मान पदवी हवी असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवावे लागतात आणि बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो.

यांपैकी निम्मे श्रेयांक मुख्य विषयाचे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत १२० पैकी ६० मुख्य विषयास, २४ दुय्यम विषयास आणि ९ अन्य विद्याशाखांतील विषयांस दिले आहेत. हे अन्य विषय बारावीला शिकलेलेच पुन्हा घेता येत नाहीत. म्हणजे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचे दार खरोखरच उघडावे लागते. उरलेले श्रेयांक भाषा, कौशल्ये, मूल्यशिक्षण आणि उन्हाळी आंतरवासिता यांत विभागले आहेत. राज्याच्या आराखड्यात घटकांची नावे व वाटणी काहीशी निराळी असून भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. नेमके आकडे विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकातच पाहावेत.

शिक्षण मध्येच सोडावे लागल्यास आजवरचे कष्ट वाया जाऊ नयेत, अशीही तरतूद आहे. एका वर्षानंतर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर ८० श्रेयांकांवर पदविका मिळते. मात्र त्यासाठी चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम अधिक पूर्ण करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळालेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. येथे शिक्षकांनी एक गोष्ट पालकांना निःसंदिग्धपणे सांगावी. जेथे पदवीधर ही अट आहे, तेथे हे प्रमाणपत्र वा पदविका चालणार नाही. घरच्या अडचणीमुळे शिकणे थांबवणाऱ्या मुलींच्या बाबतीत ही सूचना विशेष महत्त्वाची आहे.

दापोलीचा अनुभव

कामातून शिकणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे नई तालीमची मांडणी झाली, कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली आणि १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना सुरू आहे. परंतु या गोष्टी बहुधा पदवीच्या कडेला राहिल्या. पदवीच्या गाभ्यात काम आणण्याचे उदाहरण पाहावयाचे, तर ते याच जिल्ह्यात आहे. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कृषिदूतांना व कृषिकन्यांना आपली गावे चांगली ओळखतात. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात कृषी पदवीच्या सातव्या सत्राची वीस आठवड्यांची वाटणी अशी होती: एक आठवडा पूर्वतयारी, आठ आठवडे गावात वास्तव्य, पाच आठवडे विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या घटकात, दोन आठवडे वनस्पती चिकित्सालयात, तीन आठवडे कृषी उद्योगात आणि शेवटचा एक आठवडा अहवालासाठी. सहाव्या समितीने पुढे अभ्यासक्रमाची नव्या धोरणानुसार फेरमांडणी केली असली, तरी या वाटणीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. एकूण काळापैकी आठ आठवडे एकाच गावाला देण्यात आले होते. शेतकरी पहिल्या आठवड्यात सांगतो ते आणि सहाव्या आठवड्यात सांगतो ते, यांत फरक असतो.

कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांना एवढा अवधी मिळणार नाही. दोन श्रेयांकांचा प्रकल्प म्हणजे साठ तास. चार श्रेयांकांचे प्रशिक्षण म्हणजे १२० तास. म्हणूनच विषयाची निवड नेमकी हवी.

गावाजवळचे विषय

रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभ्यातून पाणी झिरपून निघून जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती उतरते, याची नोंद फार थोड्या ग्रामपंचायतींकडे असते. चार विद्यार्थ्यांनी पंधरा विहिरींची पातळी ऑक्टोबरपासून मेपर्यंत दरमहा दोरीने मोजली, तर वनराई बंधारा कोणत्या वहाळावर घालावा याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. यात भूगोल आहे, संख्याशास्त्र आहे, टँकरच्या खर्चाचा हिशेब आहे आणि अहवाल सुबोध मराठीत लिहिण्याची कसोटीही आहे. आंतरविद्याशाखीय या जड शब्दाचा अर्थ इतकाच की, विहीर कोणत्याही एका विषयाची नसते.

कातळशिल्पांचेही तसेच. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू आदी ठिकाणच्या कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्याच सड्यावर पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात, गुरे चरतात आणि जमिनीची मालकी बहुधा खासगी असते. एका सड्याची पाहणी करणाऱ्या गटात इतिहासाबरोबर वनस्पतिशास्त्राचा आणि सातबारा वाचता येणारा विद्यार्थी हवा. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार गावाने ठेवावयाची लोक जैवविविधता नोंदवहीही अशा गटाला वाढवता येईल.

वेळेचे भान मात्र ठेवावे. गावातून मुंबईला किती माणसे गेली हे मोजावयाचे असेल, तर ते गणपतीत किंवा शिमग्यात, चाकरमानी घरी असताना मोजावे. एरव्ही बंद दारांकडून माहिती मिळत नाही. हापूसची प्रतवारी व बांधणी शिकावयाची असेल, तर मार्च ते मे हाच काळ आहे आणि परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास येतात. वेळापत्रक आखताना महाविद्यालयांनी याचा विचार करणे इष्ट ठरेल.

काही दक्षता

हजेरी न घेता प्रमाणपत्रावर शिक्का मारून देणे हा या योजनेला असलेला सर्वांत मोठा धोका आहे. तो शिक्का ग्रामपंचायतीचा असो की एखाद्या कारखान्याचा, त्याने विद्यार्थ्याचे साठ तास बुडतात आणि गावाच्या हाती काहीच येत नाही. उलट टोकही तितकेच वाईट: विद्यार्थी हा विनावेतन कारकून नव्हे. महिनाभर केवळ संगणकात नावे भरून घेतली, तर त्यास प्रशिक्षण म्हणता येणार नाही. एस.टी.च्या वेळा पाहूनच विद्यार्थिनींना गाव नेमून द्यावे, संध्याकाळी परतीची गाडी आहे की नाही याची आधी खात्री करून घ्यावी आणि ग्रामपंचायतीच्या एका सदस्याकडे त्यांची जबाबदारी नावानिशी सोपवावी.

कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिले आहे. या गुणवंत मुलांपैकी अनेकांनी आपल्या तालुक्यातील पंचायत समितीचे कार्यालय आतून पाहिलेले नसते. गटविकास अधिकाऱ्यांनी वर्षाच्या आरंभी तालुक्यातील ग्रामपंचायतींकडून आपल्याला कोणती माहिती हवी आहे अशा प्रश्नांची यादी मागवून ती महाविद्यालयांना दिली, तर प्रकल्पाचा विषय शोधण्यात जाणारे निम्मे दिवस वाचतील. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहावी आणि विद्यार्थ्यांनी तो ग्रामसभेपुढे स्वतः वाचून दाखवावा. विहिरींच्या नोंदींसाठी १ मेची ग्रामसभा सोयीची आहे, कारण पाण्याची ओरड त्या दिवशी होतेच.