मानकोली ते पेट्रापोल

बिल्टीवर, म्हणजे ट्रकच्या मालपावतीवर, बांगलादेशातलं 'बेनापोल' लिहिलेलं असलं की आमच्या ओळखीचा भिवंडीचा एक मुकादम गाडी भरून झाल्यावर ताडपत्री दोनदा टाकून घ्यायचा. नागपूर-इंदूरच्या गाडीला एक पुरायची. सीमेवरच्या गाडीला दोन, कारण तिकडे ती पावसात किती दिवस उभी राहील हे कोणालाच सांगता यायचं नाही.

डोंबिवलीत राहून क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. बोटीने जाणाऱ्या मालाला 'शिपिंग बिल' आणि जमिनीवरून जाणाऱ्याला 'बिल ऑफ एक्सपोर्ट' लागतं, एवढाच फरक सुरुवातीला मला माहीत होता. खरा फरक ड्रायव्हरांनी शिकवला. सीमेपलीकडे जाणाऱ्या मालाचं भाडं किलोमीटरवर ठरतं, पण गाडीवाला मरतो तो उभं राहण्यात.

उभं राहणं ठाणे जिल्ह्याला नवं नाही. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहनकाळातला दगडी रांजण आजही आहे, तो जकातीचा मानला जातो. आपल्या पिढीने मुलुंड चेकनाक्यावर लागलेल्या ट्रकच्या रांगा पाहिल्या. भिवंडीची गोदामंसुद्धा या जकातीतूनच वाढली. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडा, मानकोली ही गावं महापालिकांच्या हद्दीबाहेर. तिथे माल उतरवला तर जकात नाही, मुंबईत लागेल तेवढाच आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाके ओस पडले. गोदामं मात्र वाढतच राहिली. कागद आधी तपासला तर गाडी अडवावी लागत नाही, हे आपण घरच्या अंगणात पाहिलं आहे. म्हणूनच सीमेवरची रांग मला सहन होत नाही.

मानकोलीहून नाशिक, धुळे, नागपूर, रायपूर, कोलकाता करत बेनापोलसमोरचं आपल्या बाजूचं पेट्रापोल दोन हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. भारत-बांगलादेश खुश्कीच्या व्यापाराचा सर्वांत मोठा वाटा याच फाटकातून जातो. २०१६ मध्ये तिथे एकात्मिक तपासणी नाका झाला, २०२२ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने आगाऊ नंबर घेण्यासाठी 'सुविधा' पोर्टल सुरू केलं. त्याआधी सीमेजवळच्या बनगावच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे जात. आपली गाडी पलीकडे जाते ती फक्त बेनापोलच्या आवारापर्यंत. तिथे माल उतरतो, बांगलादेशी गाडीत चढतो आणि आपली गाडी रिकामी परत फिरते. ढाक्यापर्यंत आपला ट्रक जात नाही.

आमचा जौनपूरचा एक ड्रायव्हर बनगावला अकरा दिवस नंबराची वाट बघत होता. गाडीत कापड होतं. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. केबिनमधल्या पेटीतलं पीठ संपलंय, पार्किंगचे पैसे रोज द्यावे लागतात, आणि मालक फोन घेत नाही, असं म्हणाला. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे मी हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, मागितलं. तो म्हणाला, बिल्टीत लिहिलंय का? लिहिलं नव्हतं. ती बिल्टी माझ्याच टेबलावरून गेली होती.

नेपाळची गोष्ट वेगळी आहे. रक्सौलहून वीरगंजला भन्सारचा, म्हणजे नेपाळी कस्टमचा, ठरावीक मुदतीचा परवाना घेऊन भारतीय ट्रक थेट काठमांडूपर्यंत जातो. माल उतरवा-चढवायचा त्रास नाही, त्यामुळे फुटतूट कमी. पण सप्टेंबर २०१५ पासून पुढचे काही महिने हाच रस्ता नाकेबंदीने बंद होता आणि ट्रकच्या रांगा रक्सौलच्या बाहेर गेल्या होत्या. अटारीचं तर सांगायलाच नको. २००७ मध्ये तिथे ट्रकची ये-जा सुरू झाली, २०१२ मध्ये मोठा नाका झाला, २०१९ मध्ये पाकिस्तानशी व्यापार थांबला आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये नाकाच बंद झाला.

नाशिकच्या कांदेवाल्यांना सीमेवर अडकणं म्हणजे काय हे आपल्याहून जास्त कळतं. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांद्याची निर्यात एकाएकी थांबवली, तेव्हा भरलेले ट्रक बंगालच्या सीमेवर उभे होते. कांदा थांबत नाही, सडतो.

उपाय माहीत नाहीत असं नाही. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान यांनी १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये मोटार वाहन करार केला. त्याच वर्षी कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरताळ्याला चाचणीचा ट्रकही गेला. पुढे भूतानच्या संसदेत मंजुरी अडली आणि रोजची वाहतूक काही सुरू झाली नाही. २०१७ मध्ये भारत 'टीआयआर' करारात सामील झाला. त्यात सील लावलेली गाडी वाटेतल्या देशांत उघडत नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये अफगाणिस्तानातल्या झरंजहून २३ ट्रक ५७ टन सुकामेवा, कापड, गालिचे घेऊन इराणमधल्या चाबहार बंदराला निघाले, तो माल पुढे बोटीने मुंबईकडे आला. म्हणजे मनात आणलं तर होतं.

सीमा आणि आपलं गाव किती जवळ आहे ते मे २०२५ मध्ये दिसलं. बांगलादेशी तयार कपडे खुश्कीच्या मार्गाने आणायला १७ मे रोजी बंदी झाली. ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच आणता येतील असं ठरलं. पेट्रापोलच्या फाटकातून येणारे शर्ट आता समुद्रमार्गे न्हावा शेव्याला उतरणार. तिथून भिवंडीकडे निघालेला कंटेनर येतो शिळफाट्याहून, मुंब्रा बायपासवरून. याच बायपासच्या दुरुस्तीसाठी २०१८ च्या उन्हाळ्यात अवजड गाड्या वळवल्या, तेव्हा ठाणे-कल्याणच्या लोकांनी काय भोगलं ते मी सांगायला नको. त्या कंटेनरलाही इथे अवजड गाड्यांसाठी ठरलेल्या वेळेचीच वाट बघत कडेला उभं राहावं लागतं.

देशादेशांतले करार आपल्या हातात नाहीत. बिल्टी आहे. भिवंडी, डोंबिवली, वागळे इस्टेटमधून सीमेपलीकडे माल पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे : गाडी भरण्याआधी हॉल्टिंगचा रोजचा दर ठरवा, तो बिल्टीवर लिहा आणि त्यातला ड्रायव्हरचा भत्ता थेट त्याच्या खात्यात जाईल हे बघा.