दुधाचे दात : काळजी आईपासूनच

“डॉक्टर, दुधाचेच दात ना? पडणारच आहेत!” अडीच वर्षांच्या नातवाचे पुढचे चारही दात किडून काळे पडले होते, तरी आजी निर्धास्त होत्या. त्यांना दोष कसा देऊ? व्यवसायाच्या सुरुवातीला मीही पालकांना हेच सांगत असे. ते चूक होते. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या किडल्या की मूल नीट जेवत नाही, ठणक्याने रात्रभर रडते. दाढ अकाली काढावी लागली, तर कायमचे दात वेडेवाकडे येण्याचा संभव असतो.

हा मुलगा रोज गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपत असे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे साखर दातांवर तशीच राहते. तोंडातील जंतू तिचे आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताचे कवच पोखरते.

हे जंतू बाळाला बहुधा आईच्या किंवा घरातील माणसांच्या लाळेतून मिळतात. म्हणून काळजी गरोदरपणीच सुरू करावी. गरोदर स्त्रीने किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. मशेरी मात्र कायमची सोडावी. ती तंबाखूच आहे.

बाळ झाल्यावर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मधाचे बोट चाटवू नये. वर्षाच्या आत मध धोक्याचा असतो.

२) वरचे दूध द्यावेच लागले, तर ते वाटी-चमच्याने द्यावे. चमचा आधी आपल्या तोंडात घालू नये.

३) पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तेव्हापासून दोन वेळा मऊ ब्रशने, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन दात घासावेत. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत आधी दंतवैद्यांना विचारावे.

४) महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा ही किडीची सुरुवात असते. तेव्हाच उपचार केल्यास ती थांबवता येते.

५) वर्षाच्या आत एकदा दंतवैद्यांना दाखवावे.

त्या मुलाची आई पुन्हा गरोदर आहे. तिला तोंड उघडायला सांगितले, तर तिच्याही दोन दाढा किडलेल्या! दंतवैद्यांच्या नावाने मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक मुलासाठी आणि एक आईसाठी. दुसरी चिठ्ठी खरे तर येणाऱ्या बाळासाठीही आहे.