खटक्याचा चाकू

ठिबकची सोळा मिलिमीटरची लॅटरल फुटलेली, डाव्या हाताने ती मुडपून धरलेली, पाणी तोंडावर उडतंय आणि चाकू खिशात मिटलेला. तो उघडायला दोन हात लागतात आणि त्यातला एक अडकलेला. शेवटी पाते दातांनी ओढून काढायचे. तासगावच्या द्राक्षबागेत काय आणि कोरेगावच्या आल्याच्या बेडवर काय, ही तारांबळ ठरलेली. बटण दाबताच पाते आपण होऊन उघडणाऱ्या चाकूची हाव सुटते ती अशा वेळी. सिनेमातल्या गुंडाला तो धाक दाखवायला लागत असेल. शेतकऱ्याला, वायरमनला किंवा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या हमालाला हवी असते ती एका हाताची सोय.

आपल्याकडे याला खटक्याचा किंवा बटणाचा चाकू म्हणतात आणि कुठलाही असला तरी 'रामपुरी' म्हणून मोकळे होतात. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावाने हे नाव कमावले आणि हिंदी सिनेमाने ते खराब केले. १९६५च्या 'वक्त'मध्ये राजकुमारच्या तोंडी चाकूवरचा संवाद आला आणि चाकू म्हणजे दहशत हे समीकरण घट्ट झाले. पुढे नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली आणि रामपूरच्या कारागिरांचा धंदा बसत गेला.

यंत्र म्हणून मात्र ही वस्तू मोठी गमतीची आहे. पात्याच्या बुडाशी, खिळ्याभोवती एक स्प्रिंग ताणून बसवलेली असते. ती सदोदित पाते बाहेर ढकलत असते. तिला अडवून धरते ती फक्त बटणाखालची एक बारीक पिन, पात्याच्या बुडाला असलेल्या खाचेत रुतलेली. बटण दाबले, पिन सरकली, की पाते अर्धवर्तुळ फिरून 'खट्' करते आणि तीच पिन दुसऱ्या खाचेत पडते. म्हणजे पहारेकरी एकच. दार बंद ठेवायचे त्यानेच आणि उघडे ठेवायचेही त्यानेच. ती पिन किंवा खाच झिजली की चाकू खिशात उघडू शकतो, आणि भर कामात बोटांवर मिटूही शकतो. पाते नाकासमोर सरळ बाहेर येणारा दुसरा प्रकार दिसायला आणखी ऐटबाज, पण तो पन्हळीसारख्या खाचांतून सरकतो. त्यात मातीचा एक खडा पुरे.

आणि आपल्याकडे काय नुसती माती आहे? द्राक्षाचा रस वाळला की गोंद होतो. बोर्डो मिश्रणाच्या फवाऱ्यातली मोरचूद लोखंड खाते. सांगलीच्या पेठेत हळदीची पूड हवेत असते, ती तेल दिलेल्या कुठल्याही सांध्यात बसून मलम होते. उघडा साधा चाकू बादलीत बुचकळला की झाले. स्प्रिंगचा चाकू धुवायचा तर आधी खोलावा लागतो. खोलताना स्प्रिंग उडाली की शोधा पाचटात.

दुसरी अडचण कायद्याची. शस्त्र नियम, २०१६ नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे परवान्याखाली आणतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. कोयता त्यामुळे निर्धास्त. पण दिल्ली प्रशासनाने १९८०च्या अधिसूचनेत बटणदार, गरारीदार, स्प्रिंगचे चाकू नाव घेऊन पकडले आणि तिथे मर्यादा आली ७.६२ सेंटिमीटर लांबी, १.७२ सेंटिमीटर रुंदी. ती अधिसूचना दिल्लीपुरती. तरी नजर कुठली ते कळते: पाते केवढे, याइतकेच ते उघडते कसे हेही पाहायचे. महाराष्ट्रात १९५१च्या पोलीस अधिनियमाचे कलम ३७ आहेच. सण, निवडणूक, तणाव असला की जिल्हादंडाधिकारी हत्यारे बाळगायला मनाई करू शकतात, आणि त्या यादीत चाकू आहे, काठीसुद्धा आहे. बागेतून थेट बाजारात आलेल्या माणसाच्या खिशात कलमाचा चाकू सापडला तर तो निदान कामाचे नाव सांगू शकतो. बटणाच्या चाकूला आधी त्या 'खट्'चा खुलासा द्यावा लागेल.

आता खरे काम बघू. ऑगस्ट-सप्टेंबरात जंगली खुंटावर द्राक्षाचे कलम बांधतात, पाचर कलम. डॉगरिजचा खुंट आडवा कापायचा, मधोमध चीर द्यायची; डोळकाडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी लांब, सपाट उतार काढून पाचर करायची आणि ती चिरेत अशी बसवायची की सालीखालचा हिरवा थर थराला लागेल. वर प्लॅस्टिकची पट्टी. उतार एका ओढीत निघाला पाहिजे. करवतल्यासारखे दोन-तीनदा चालवले की पृष्ठभाग लाटा लाटांचा होतो, मध्ये हवा राहते, कलम वाळते. म्हणून कलमाच्या चाकूचे पाते सरळ असते आणि धार एकाच बाजूने दिलेली. ते खिळ्यावर केसभर जरी डुलले तरी हात फसतो. स्प्रिंगच्या चाकूचे पाते बहुधा थोडे डुलतेच, कारण मोकळेपणाने फिरण्यासाठी त्याला फट ठेवावी लागते. शिवाय कलम बांधणारा माणूस चाकू सकाळी उघडतो तो जेवणाच्या सुट्टीत मिटतो. त्याला खटका हवा कशाला?

एका हाताची गरज खोटी नाही, तिच्यावरचा हा इलाज महागडा आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने पात्यालाच एक गोल भोक पाडले. अंगठा त्यात घालून ढकलला की पाते उघडते. स्प्रिंग नाही, बटण नाही. मुठीच्या आतली पोलादी पट्टी पात्यामागे सरकून त्याला अडवते असा लॉक घ्यावा आणि घेताना उघड्या पात्याची पाठ लाकडावर दाबून पाहावी. लॉक सुटला तर दुकानातच सुटू दे. फ्रान्सच्या साव्हा भागातला ओपिनेल १८९०पासूनचा. त्याला १९५५ मध्ये मुठीच्या टोकाशी फिरणारे कडे आले आणि लॉकचा प्रश्न मिटला. उघडायला मात्र दोन हात लागतात. आणि पोती, खोकी, पट्ट्या एवढेच काम असेल तर सरळ तीस-चाळीस रुपयांचा कटर घ्यावा. जपानच्या ओल्फाने १९५६ मध्ये बोथट टोक मोडून टाकायचे पाते काढले, त्याची कल्पना चॉकलेटच्या वडीवरून सुचली म्हणतात. सांगलीच्या गणपती पेठेत रामपुरीला ज्याने खरे हरवले तो हा प्लॅस्टिकचा किरकोळ पोरगा.

पोलादाबद्दल दोन शब्द. स्टेनलेस गंजत नाही, पण स्वस्तातले धार धरत नाही. कार्बनचे पोलाद फळाच्या रसाने काळे पडते. पडू द्यावे, पुसून तेलाचा हात फिरवला की पुरे. घिसाडी ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून कोयते, विळे घडवतात, त्यांच्याकडून चार इंचांचे पाते करून घेता येते. स्प्रिंग तिथेही आहेच, फक्त मुठीत न जाता पात्यात गेली.

धारेचा विषय निघाला की मिरज आठवते. तिथे तंतुवाद्ये करणाऱ्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे, सतारी दुरुस्त करता करता त्या घडवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पोलादावरून भोपळ्यावर आलेला हा हात. आजही मिरजेत बरीच आडनावे 'सतारमेकर' आहेत, आणि धार लावायला सायकलला सहाण जोडून फिरणाऱ्याची वाट पाहावी लागते.

मग लॅटरल फुटली तर काय? घिसाड्याकडचे ते अखंड पाते, आणि त्यावर म्यान म्हणून त्याच सोळा मिलिमीटरच्या नळीचा चार इंचांचा तुकडा. चपटा दाबला की पात्यावर घट्ट बसतो. कमरेच्या दोरीला अडकवून ठेवावा. अंगठ्याने नळी पुढे ढकलली की एका हाताने निघते.